बेरेंचीची दुबार प्रत

आमच्या दोन खोल्यांत मी, एतेल्का आणि सातशे बारा मेलेले मोठे लोक राहतो. राजे, राण्या, सरदार, सरदारांच्या आया, बिशप, सेनापती. सगळे कागदावरचे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, कुणी दोनशे वर्षांपूर्वी तर कुणी साडेतीनशे. ते कपाटात आहेत, पलंगाखाली आहेत, आणि गेल्या सप्टेंबरपासून जेवणाच्या टेबलावरही तेच आहेत, कारण दर मंगळवारी म्युझियमची नोएमी येते आणि त्यांची यादी करते. आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवतो. ऐंशीच्या घरातल्या माणसांनी उभ्यानं जेवू नये, पण राजेमहाराजांना उठा म्हणणार कोण?

संग्रह म्युझियमला देऊन टाकायचं मीच ठरवलं. कारण मोठं काही नाही, कंटाळा आला. रेल्वेच्या कचेरीत पुलांची गणितं करून संध्याकाळी घरी यायचं आणि भिंग घेऊन बसायचं, असं मी चाळीस वर्षं केलं. आता भिंग उचललं की मनगट दुखतं. एतेल्काला तर माझ्याआधीच कंटाळा आला होता.

"जिवंतपणी एकदा टेबलावर स्वच्छ कापड घालून बसून जेवू दे मला," ती म्हणाली. "मग तुझे सरदार जाऊ देत कुठेही."

तुझे सरदार, असं ती म्हणते. खरं तर हे वेड मला लागलं ते तिच्यामुळे. एतेल्का माहेरची बेरेंची. नावापुढचं 'बॅरन' कायद्यानं केव्हाच गेलं होतं, पण कम्युनिस्ट सरकारच्या याद्यांमधून नाव गेलं नव्हतं. एक्कावन्न सालच्या जूनमध्ये पहाटे पोलीस कागद घेऊन आला आणि चोवीस तासांत बुडापेस्ट सोडायला सांगून गेला. ती आठ वर्षांची होती. तिसा नदीपलीकडच्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात त्यांना ठेवलं. दुसऱ्या हिवाळ्यात तिचे वडील तिथेच वारले. फोटो एकही उरला नाही, कारण वडील बहुतेक फोटोंत जुन्या सैन्याच्या गणवेशात होते आणि आईनं भीतीपोटी सगळे चुलीत घातले होते.

जुन्या घराच्या जेवणाच्या खोलीत एका पूर्वजाचं तैलचित्र होतं, बेरेंची फार्काशचं. घरात म्हणायचे की एतेल्काचे बाबा त्या चौकटीतूनच उतरून आलेत. ते तैलचित्र कुठे गेलं ते देव जाणे. पण सतराशे नव्वदच्या सुमारास त्याच्यावरून एक छापचित्र केलं गेलं होतं, असं एका जुन्या यादीत मला सापडलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी तिला म्हणालो, "तुझ्या बाबांचा चेहरा मी तुला शोधून देतो."

नवीन लग्न झालेली माणसं काहीही बोलतात. मी ते चौदा वर्षं लावून धरलं, आणि वाटेत बाकीचे सातशे अकरा गोळा झाले.

शहाऐंशीच्या वसंतात एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याकडे बेरेंची मिळाला. काय प्रत होती ती! चारही बाजूंनी तीन-तीन बोटं समास, पत्र्याच्या कडेचा दाब स्पष्ट, एक डाग नाही. छापचित्रांत समास म्हणजे अब्रू. जुन्या लोकांना वहीत चिकटवण्यासाठी चित्रं कातरायची खोड होती, त्यामुळे दोन-तीनशे वर्षांनी कोऱ्या कागदाची किनार शाबूत असलेलं चित्र मिळणं म्हणजे नशीबच. मी ते चौकटीत घालून तिच्यापुढे धरलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "बाबांचा डोळा असा नव्हता."

मी तिला कोरणाऱ्यांबद्दल सांगितलं. ते कशी खुशामत करायचे, नाकं सरळ करायचे, गाल भरायचे, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग कसा होता डोळा, हे मी विचारलं नाही. तिनं चित्र खोलीत लावलं नाही, बाहेरच्या बोळकंडीत कोट अडकवतो तिथे लावलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

तिथेच ते सदतीस वर्षं होतं. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी नोएमीनं ते खाली काढलं, चौकटीतून सोडवलं आणि दिव्याखाली तिरपं धरलं.

"विल्मोशकाका, ही दुसरी छपाई आहे."

"म्हणजे?"

"पत्रा नंतर दुसऱ्या कुणीतरी घेतलाय आणि तोंड खरवडून पुन्हा कोरलंय. हे बघा, डाव्या डोळ्याभोवती रेघा नव्या आहेत, कपाळावरच्या जुन्या. पहिल्या छपाईची प्रत मी कधी पाहिली नाही. तुम्ही पाहिलीय?"

मी पाहिली होती. म्हणजे माझ्या घरात होती. पाहिली होती असं म्हणणं धाडसाचं होईल.

शहाऐंशीच्याच शरदात, दुय्योर शहरातल्या एका शाळामास्तरच्या विधवेकडून मी पेटीभर चित्रं आणली. त्यात आणखी एक बेरेंची निघाला. समास पार कातरलेले, खालच्या कोपऱ्याला चहाचा डाग. मी चित्राखालचं नाव वाचलं, कागद उजेडात धरला (तो घरच्या प्रतीहून जुना होता, हे तेव्हाही दिसलं), समासाकडे बघून नाक मुरडलं आणि मागे पेन्सिलीनं 'दुबार' असं लिहून टाकलं. घरात चांगली प्रत असताना कातरलेल्या प्रतीच्या तोंडाकडे कुठला संग्राहक बघतो? अकरा दिवसांनी मी ती माझ्या संग्राहक मित्राला, काझमेरला दिली आणि बदल्यात रुंद समासाचा एक बिशप घेतला. त्या बिशपकडेही मी त्यानंतर दोनदा बघितलं असेल-नसेल.

नोएमी निघून गेली. एतेल्का स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, बोटांनी चाचपून. तिच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग तीन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्यात सुया टोचून टोचून डॉक्टरांनी जेमतेम काही राखलं होतं. भिंगातून ती अजून औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायची. उन्हाळ्यापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मनाशी हिशेब केला की नाताळच्या आत चित्र आणायचं आणि झाडाखाली ठेवायचं. तिला काही बोललो नाही. तिला चकित करायचं होतं, आणि सदतीस वर्षांपूर्वी ते अकरा दिवस घरात होतं, हे सांगायची लाजही वाटत होती.

काझमेर उयपेश्तला, शहराच्या उत्तर टोकाला, काँक्रीटच्या पॅनेलच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. गुरांचा डॉक्टर होता, आता स्वतःच्या गुडघ्यांवर उपचार करत बसलेला असतो. एके काळी आम्ही अकरा जण दर शनिवारी एका कॉफीगृहाच्या मागच्या खोलीत जमायचो. आता तो आणि मी उरलोय. तिथले नियम दोन: पैशाचा व्यवहार नाही, फक्त अदलाबदल, आणि झालेली अदलाबदल मोडायची नाही. तिसरा नियम कुणी कधी उच्चारला नाही, पण सगळ्यांनी पाळला. आपल्याला काय हवंय आणि का हवंय, ह्याचा समोरच्याला थांगपत्ता लागू द्यायचा नाही. लागला की गेलंच सगळं.

त्यामुळे मी तासभर त्याच्या गुडघ्यांबद्दल ऐकलं, दोन पेले पालिंका, क्विन्स फळाची कडक दारू, प्यायलो आणि उठता उठता, कोटात हात घालत म्हणालो, "तो कातरलेला बेरेंची आहे का रे अजून तुझ्याकडे? म्युझियमच्या पोरीला दोन प्रती शेजारी ठेवून बघायच्यात. नसला तरी काही अडलेलं नाही."

काझमेरनं माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं गुरांच्या डोळ्यांत बघून आजार ओळखलेला माणूस तो.

"ट्राम बदलत दीड तास आलास," तो म्हणाला, "नोव्हेंबरात, ह्या वयात, काही अडलेलं नाही म्हणून?"

"तुला भेटायलाही आलो."

"मला भेटायला? तू माझ्या बायकोच्या मयतालाही उशिरा आला होतास. बस खाली. झालेली अदलाबदल मोडत नाहीत."

"मोडायची कुठे म्हणतोय? नवी करू."

"मग राणी आण."

राणी म्हणजे माझी मारिया तेरेझा. पोझोन्य शहरातल्या राज्याभिषेकातली, घोड्यावर बसलेली, तलवार उगारलेली, खाली नाव कोरायच्या आधीच छापलेली चाचणी प्रत. माझ्या संग्रहातलं ते एकमेव पान, ज्यासाठी व्हिएन्नाहून लोक पत्रं लिहायचे. नोएमीच्या यादीत पहिला क्रमांक तिचा.

"कातरलेल्या कागदाला राणी?" मी म्हणालो. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. तुझं कुठे अडलंय ते तू सांगत नाहीस, म्हणजे मोठ्या जागी अडलंय. राणी आण."

मी रिकाम्या हातानं परतलो. आणि मला त्या ट्राममध्ये वाईट वाटण्याऐवजी मजा वाटत होती. हे मी आज लिहून ठेवतो, कारण ते कबूल केल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. कित्येक वर्षांनी अंगात तरतरी आली होती. ह्याला दोन पालाटिन, राजाचे कारभारी, देऊन बघू, नाहीतर तो एस्टरहाझी सरदार देऊ, महिनाभर लोंबकळत ठेवू, आपोआप नरम येईल. मी बोटांवर डाव मांडत होतो.

नाताळच्या आठवडाभर आधी पुन्हा गेलो. एतेल्कानं खसखशीची बेइग्ली, सारण भरून गुंडाळलेला नाताळचा गोड रोल, करून दिली होती, काझमेर एकटा असतो म्हणून. लाटताना तिनं ओट्याच्या कडा चाचपल्या, पण सारण कडेपर्यंत नीट भरलं होतं. मी सोबत चार पानं नेली. काझमेरनं बेइग्ली खाल्ली, चारही पानं एकेक करून उजेडात धरली आणि परत माझ्यापुढे सरकवली.

"एतेल्काचा हात अजून तसाच आहे," तो म्हणाला. "डोळे कसे आहेत तिचे?"

तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडायचं होतं फक्त.

"बरे आहेत," मी म्हणालो. डोळ्यांचं बोललो की त्याला सुगावा लागेल आणि राणी गेलीच, असं माझ्या डोक्यात आलं. "तू निदान दाखव तरी तो बेरेंची."

"सौदा ठरेपर्यंत वही उघडत नाहीत. रीत तुलाही ठाऊक आहे."

"मग राहू दे तुझ्याकडेच. मला काय."

"राहू दे," तो म्हणाला आणि आणखी एक तुकडा कापला.

नाताळला झाडाखाली एतेल्कासाठी मी लोकरीचे मोजे ठेवले. जानेवारीत थंडी पडली, ट्रामच्या थांब्यावर बर्फ साचला, आणि मी ठरवलं की थांबायचं. तोच फोन करील. ऐंशीच्या पुढचा माणूस समोरचा दमेल म्हणून वाट बघतो, ह्याहून मोठा मूर्खपणा मला ठाऊक नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी एतेल्का पलंगावर बसून म्हणाली, "विल्मोश, दिवा लाव जरा."

दिवा लावलेलाच होता.

डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं होतं. डॉक्टर तरुण होता आणि बिचारा खरं बोलला. कडेकडेनं उजेड, सावली, दाराची चौकट एवढं दिसत राहील. अक्षरं नाहीत, चेहरे नाहीत. परत येताना टॅक्सीत ती माझा हात धरून बसली होती. "घरातले लोक आता सारखेच दिसतील," ती म्हणाली. "तुझे सातशे आणि तू." तिला मला हसवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी राणीला पुठ्ठ्यात गुंडाळून उयपेश्तला नेलं. पुढ्यात ठेवलं आणि खुर्चीत बसलो.

काझमेरनं पुठ्ठा उघडला. राणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला आनंद झाला नाही.

"काय झालंय?"

मग मी सगळं सांगितलं. जूनमधला पोलीस, चुलीतले फोटो, चौकटीतून उतरलेले बाबा, खरवडलेला पत्रा, आणि कालचा तरुण डॉक्टर. काझमेर ऐकत होता, आणि त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"नोव्हेंबरात का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू राणी मागितली असतीस."

"राणी तर मी तू बोलला नाहीस म्हणून मागितली," तो म्हणाला. "अरे गाढवा, एतेल्कासाठी हवंय म्हणाला असतास तर तसंच दिलं असतं. वहीसकट दिलं असतं. मला वाटलं, तुला त्या पानात काही मोठं घबाड दिसलंय."

तो उठून आत गेला आणि वही घेऊन आला. बेरेंचीचं पान त्यानं सुरीनं हळूच सोडवलं. खळीनं फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना चिकटवलेलं होतं. मग राणीचा पुठ्ठा पुन्हा बांधून माझ्याकडे ढकलला.

"घेऊन जा हिला."

"झालेली अदलाबदल मोडत नाहीत," मी म्हणालो.

"विल्मोश, पुरे कर आता."

मी घेतली नाही. मोठेपणा नव्हता त्यात. ती परत घेतली असती तर त्या दोन महिन्यांची किंमत काहीच नव्हती, असं झालं असतं. नोएमीला यादीचं पहिलं पान नव्यानं लिहावं लागेल.

घरी आलो तेव्हा एतेल्का टेबलाशी बसली होती. टेबल मोकळं होतं. नोएमी मंगळवारी येऊन, राणी तेवढी मागे ठेवून, शेवटच्या पेट्या बांधून गेली होती. त्यावर पांढरं कापड होतं, जरा तिरकं पडलेलं.

"एक चित्र आणलंय," मी म्हणालो. "बेरेंची फार्काशचं. पहिल्या छपाईचं. बोळकंडीतला होता त्याचं तोंड नंतर बदललं होतं."

तिनं हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो आधी डोळ्यांसमोर धरला, मग डोकं वळवून कडेनं बघायचा प्रयत्न केला, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, खिडकीकडे धरून. बराच वेळ. मग कागद कापडावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"सांग."

मी भिंग घेतलं. "समास कातरलेत, चारही बाजूंनी पार पत्र्याच्या दाबाच्या आत. खाली उजवीकडे चहाचा डाग आहे. कागद दांडगा आहे, बहुतेक ऑस्ट्रियातल्या गिरणीतला. छपाई मात्र ताजी, पत्रा झिजायच्या आधीची..."

"विल्मोश," ती म्हणाली. "तोंड सांग."

मी तोंडाकडे बघितलं. चाळीस वर्षं मी तोंडांमध्ये काढली, आणि मला शब्द सुचेनात. नाक म्हणजे नाक होतं. मिशी होती. कॉलरला फर होती, पण ती तिला नको होती.

"डावा डोळा कसा आहे?" तिनं विचारलं.

"अर्धा मिटलेला," मी म्हणालो. "पापणी खाली आलीय. उजवा पूर्ण उघडा आहे, डावा झोपेत असल्यासारखा."

तिनं आपलं बोट आपल्याच डाव्या पापणीवर ठेवलं आणि ती हळूच खाली ओढली.

"मी जेवताना बडबड करायचे," ती म्हणाली. "बाबा ऐकतायत की झोपलेत, कळायचंच नाही. मी उठून ह्या बाजूला जाऊन उभी राहायचे, उजवीकडे. मग ते हसायचे."

ती रडत होती, पण आवाज तसाच होता.

"हे होतं कुठे?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. शहाऐंशी सालचे अकरा दिवस, मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं 'दुबार', बिशप, काझमेर, राणी, सगळं.

"आणि तुला हे कळलं कधी?"

"नोव्हेंबरात."

ती कापडाची तिरकी कड बोटांनी सरळ करत राहिली. एक टोक नीट झालं, मग दुसरं.

"नोव्हेंबरात मला दिसत होतं," ती म्हणाली.

ट्रामचा आवाज येऊन गेला. तिनं माझ्या हाताखालचं पान चाचपलं, ते माझ्यासमोर नीट सरळ ठेवलं आणि माझं मनगट धरून त्यावर नेलं.

"आता हनुवटी सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग."

मी भिंग उचललं.